दरवाजा उघडला का?

दिवाळीत आईला घेऊन जोतिबाला गेलो होतो. दर्शन झालं, कपाळाला गुलाल लागला, खोबरं वाटून झालं. मग नेहमीप्रमाणे आई डोंगराच्या कडेला जाऊन उभी राहिली. पाऊस संपून हवा स्वच्छ झाली की इथून पंचगंगेचं सगळं खोरं दिसतं. हिरवागार ऊस आणि मधून वळणं घेत गेलेली नदी. आई त्यात आपलं माहेर शोधत असते. प्रयाग चिखली. तिथं कासारी येऊन भोगावतीला मिळते. कुंभी आणि तुळशी त्याआधीच भोगावतीत आलेल्या असतात, आणि पाचवी सरस्वती गुप्त. म्हणून नदीचं नाव पंचगंगा.

चिखली सापडली की आई हात जोडते. देवाला जोडले त्याहून जरा जास्त वेळ, असं मला वाटतं :)

कोल्हापूरकडच्या वाचकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. मोठा पूर आला की चिखली आणि शेजारची आंबेवाडी आधी पाण्यात जातात. १९८९, २००५, २०१९, २०२१ ही सालं आमच्या घरात लग्नाच्या तारखांसारखी पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मामा म्हशी घेऊन सोनतळीच्या माळावर गेला, तेव्हा स्वयंपाकघरात छातीएवढं पाणी होतं. जुलै लागला की आई रोज सकाळी फोनवर एकच विचारते, "दरवाजा उघडला का?"

दरवाजा म्हणजे राधानगरी धरणाचा. आणि गंमत अशी की एवढी वर्षं ज्याची धास्ती घेतली ते धरण आईनं कधी पाहिलंच नव्हतं. मग ठरवलं, उद्या राधानगरी.

कोल्हापूरहून साधारण ५० किलोमीटर. हळदी, परिते मागे टाकलं की दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येऊ लागतात, आणि पुढे दाजीपूरचं जंगल. शाहू महाराजांचं शिकारीचं रान. १९५८ साली तिथं गव्यांसाठी अभयारण्य झालं. त्या जंगलाच्या तोंडाशी, भोगावतीवर, हे धरण आहे.

धरणाची गोष्ट सुरू होते दुष्काळापासून. १८९४ साली शाहू महाराज गादीवर आले आणि दोनच वर्षांत १८९६-९७ चा दुष्काळ पडला. पाठोपाठ प्लेग आणि १८९९-१९०० चा आणखी एक दुष्काळ. सह्याद्रीवर एवढा पाऊस पडतो, आणि चार महिन्यांनी पूर्वेकडच्या गावांत प्यायला पाणी नाही! १९०२ साली महाराजांनी संस्थानासाठी पाटबंधाऱ्यांचं धोरण ठरवलं, जुन्या विहिरी-तलावांची पाहणी करायला लावली. मग १९०७ साली भोगावतीवर मोठं धरण बांधायचं ठरलं. जलाशयाला नाव दिलं राणीसाहेबांचं, महाराणी लक्ष्मीबाई तलाव. आणि जवळच्या गावाला मुलीचं, राधाबाई अक्कासाहेबांचं. म्हणून राधानगरी.

१९०९ साली काम सुरू झालं. एका संस्थानाच्या तिजोरीला हे केवढं ओझं असेल! पैसा पुरेना. १९१८ साली भिंत साधारण ४० फुटांवर आली असताना काम थांबलं. ६ मे १९२२ ला महाराज गेले. त्यांनी पाहिलं ते अर्धवट धरण. पुढे संस्थानच १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, आणि धरण पूर्ण झालं ते १९५० च्या दशकात. सुमारे ८.३६ टीएमसीचा साठा आणि पायथ्याशी छोटंसं वीजघर. कोयनेच्या १९६० मेगावॉटपुढे हे काहीच नाही. पण वीज करून पाणी संपत नाही. टर्बाइन फिरवून ते पुन्हा भोगावतीत उतरतं, कोल्हापुरी बंधाऱ्यांमागे अडतं, आणि तिथून शेतकरी मोटारीनं उचलतात. मोठ्या कालव्याचं काम नदीच करते. मामाचा ऊस उन्हाळ्यात जगतो तो याच पाण्यावर.

आता त्या दरवाज्यांबद्दल. एकूण सात आहेत, आणि स्वयंचलित. पाण्याची पातळी ३४७.५ फुटांवर गेली की पाण्याच्या दाबानंच दरवाजा उघडतो आणि पातळी उतरली की आपोआप मिटतो. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी पडतं. सातही उघडले आणि वीजघराचं पाणी धरलं, तर साधारण साडेअकरा हजार.

आईला वाटायचं, कुणीतरी साहेब बटण दाबतो आणि आपल्या माहेरात पाणी घुसतं. बटणच नाही म्हटल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हंजे भांडायचं कुणाशी?"

प्रश्न साधा नाही. कुणी ठरवावं लागत नाही म्हणून रात्री-बेरात्री, वादळात, वीज गेलेली असताना सुद्धा धरण सुरक्षित राहतं. पण त्याच कारणानं हे दरवाजे धरण भरायच्या आधी उघडत नाहीत. मोठा पाऊस येणार म्हणून आधीच जागा करून ठेवायची, तर भिस्त वीजघरावर आणि खालच्या सेवाद्वारावर. काठोकाठ भरू द्या, मगच वरचं सोडा, असा या धरणाचा स्वभाव. थेंब थेंब साठवायला दुष्काळानं शिकवलेलं हे धरण आहे. पुराचा विचार त्याच्याकडून आपण आता मागतो आहोत.

आणि सगळा दोष त्याच्या पदरात टाकणंही बरोबर नाही. तुळशी, कुंभी, कासारी या नद्यांवरही धरणं आहेत, आणि धरणांच्या खाली पडणाऱ्या पावसाला तर कुठलाच दरवाजा अडवत नाही. राधानगरीचं पाणी हा महापुरातला एक वाटा. छोटा नव्हे, पण एकच.

आम्ही गेलो तेव्हा तलाव तुडुंब होता आणि सातही दरवाजे बंद. आई बराच वेळ भिंतीकडे बघत होती. मी तिला १९१८ ची ४० फुटांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "अर्ध्यावर सोडून गेले बिचारे. बघायला मिळालं नाही त्यांना." ज्या धरणाला ती आयुष्यभर बोल लावत आली, त्याच्या धन्यासाठी तिच्या तोंडून पहिल्यांदाच 'बिचारे' आलं.

परतताना मामाचा फोन आला. आईनं त्याला सगळं सांगितलं, सात दरवाजे, दाब, आपोआप. मामा हसला असावा, कारण ही म्हणाली, "तुला म्हाईत हुतं तर सांगितलं का न्हाईस?"

पुढच्या जुलैत सकाळी फोन येणारच आहे. पण बहुतेक आई आता हेही विचारेल, किती फूट पाणी झालं?