प्रिटी चाइल्ड

प्रिटी चाइल्ड : ‘रॉक मशीन’ या नावाने मुंबईत सुरू झालेल्या आणि १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ असे नवे नाव घेतलेल्या रॉक बँडचे इंग्रजी गीत. त्याच वर्षी एमटीव्हीच्या व्हिडिओ संगीत पुरस्कारांत आशिया विभागासाठी प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार या गीताला मिळाला. मराठी घरांत ते फारसे पोहोचले नाही. तरीही महाराष्ट्रातल्या लोकप्रिय संगीताच्या इतिहासात त्याची जागा मोठी आहे, कारण ‘दुसऱ्याची गाणी वाजवा’ हा श्रोत्यांचा हट्ट मोडून काढलेल्या बँडचे ते गीत आहे.

ज्या शैलीच्या छायेत रॉक मशीन वाढला तिला ग्लॅम मेटल म्हणतात. फुगवलेले लांब केस, रंगवलेले चेहरे, अंगाला घट्ट चिकटणारे चकचकीत कपडे ही तिची ओळख. गिटारचा ठोस, पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, सगळ्या मैदानाने एका सुरात म्हणावे असे धृपद आणि मध्ये गिटारवादकाची वेगवान तानबाजी ही तिची रचना. ती लॉस एंजेलिसच्या क्लबांमध्ये रुजली. तिथला पहिला दणदणीत विजय क्वाएट रायट या बँडचा. १९८३ मध्ये त्यांचे ‘कम ऑन फील द नॉइझ’ अमेरिकेच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेले आणि त्यांचा ‘मेटल हेल्थ’ हा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोहोचला. हेवी मेटलला हा मान प्रथमच मिळत होता. पण ते गाणे त्यांचे नव्हते. स्लेड या इंग्रज बँडचे ते १९७३ मधले गीत. निर्माता स्पेन्सर प्रॉफर याच्या आग्रहाखातर, मनाविरुद्ध ते ध्वनिमुद्रित झाले. फसावे म्हणून आपण त्याचा सरावही केला नव्हता, असे बँडच्या सदस्यांनी पुढे सांगितले.

मुंबईतली गोष्ट नेमकी उलट्या दिशेने, उसन्या गाण्याकडून स्वतःच्या गाण्याकडे गेली. इथे उसने गाणे हाच रिवाज होता. १९७० आणि १९७१ च्या ‘सिमला बीट’ स्पर्धांतून देशभरातले बँड पुढे आले, ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’सारखे काही जण ध्वनिमुद्रिकेपर्यंत गेले, पण श्रोता यायचा तो परदेशी बँडांची ओळखीची गाणी हुबेहूब ऐकायला. धोबीतलावच्या रंगभवनात १९८० मध्ये खुद्द ‘द पोलीस’ हा परदेशी बँड वाजवून गेला होता. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’चे मेळावे होऊ लागले. परदेशी गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर आयात शुल्कामुळे हाताबाहेरचे. ज्यांच्याकडे ते असत त्यांच्याकडून इतरांनी मागून आणायचे, अशी स्थिती होती.

रॉक मशीनची स्थापना १९८४ ची. सुरुवातीला तेही परकी गाणीच वाजवत. मग त्यांनी स्वतःची गाणी लिहायला घेतली आणि मैफलीत तीच वाजवायची असे ठरवले. हा निर्णय आज साधा वाटतो, पण समोरच्या गर्दीला एकही ओळ पाठ नसताना तासभर उभे राहणे हे मोठ्या धाडसाचे काम होते. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेसवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, ड्रमवर आधी मार्क मेनेझिस आणि नंतर बॉबी दुग्गल हा त्यांचा गाजलेला संच. ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ (१९८८) आणि ‘द सेकंड कमिंग’ (१९९०) असे दोन अल्बम निघाले. ‘टॉप ऑफ द रॉक’ हे गीत त्याच काळातले. दोन गिटारांची जुगलबंदी, कीबोर्डचा भरणा आणि सर्वांनी म्हणायचे धृपद या अंगांनी हा बँड अमेरिकी शैलीच्या जवळचाच होता.

गाणे कितीही चांगले असले तरी ते दिसणार कुठे? दूरदर्शनवर रॉकला जागा अगदी थोडी. हा अडसर आकाशातून दूर झाला. एशियासॅट-१ या उपग्रहावरून १९९१ मध्ये स्टार टीव्हीच्या वाहिन्या सुरू झाल्या आणि त्यांतच हाँगकाँगहून चालणारी एमटीव्ही एशिया होती. गच्चीवर डिश, खाली गल्लीभर लोंबणारी केबल आणि महिन्याला वर्गणी घ्यायला येणारा केबलवाला ही व्यवस्था बघता बघता उभी राहिली. आपल्या छत्रपती संभाजीनगरचा, तेव्हाच्या औरंगाबादचा, या कथेत एक हात आहे आणि तो नोंदवायलाच हवा. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात व्हिडिओकॉनचा कारखाना होता. ज्या दूरचित्रवाणी संचांवर देशाने ही नवी वाहिनी पाहिली, त्यांतले कितीतरी या कंपनीचे होते. गाणे घडले मुंबईत, पण ते पाहण्याची पेटी मराठवाड्यातली.

‘प्रिटी चाइल्ड’चे यश समजून घ्यायचे तर हा पाया लक्षात ठेवावा लागतो. त्याचा विजय खपलेल्या कॅसेटींवर मोजला गेला नाही. एमटीव्ही एशियाच्या प्रेक्षकांनी त्याला निवडले, आणि ही वाहिनी एकट्या भारताची नव्हती. उपग्रहाची छाया अनेक देशांवर पडत होती. ‘इंडस क्रीड’ हा बँडच्याच नावाचा अल्बम आला १९९५ मध्ये, म्हणजे पुरस्कारानंतर दोन वर्षांनी. चित्रफीत पुढे आणि अल्बम मागून, हा क्रम पुढच्या इंडीपॉपच्या, म्हणजे चित्रपटाबाहेरच्या भारतीय पॉप संगीताच्या काळात सगळ्यांच्या परिचयाचा झाला.

नाव बदलण्याची वेळही बोलकी आहे. निर्व्हाना या बँडच्या ‘नेव्हरमाइंड’ या अल्बमने (१९९१) अमेरिकेत ग्लॅम मेटलचा झगमगाट विझवत आणला होता. मुंबईच्या या मंडळींनीही ‘रॉक मशीन’ हे कुठल्याही देशात खपेल असे नाव सोडून सिंधू नदीचे नाव धारण केले. पाश्चात्त्य साच्यातून आपला आवाज शोधण्याची ओढ त्यात स्पष्ट दिसते. ग्लॅम मेटलच्या मुशीत तयार झालेल्या या बँडला सर्वांत मोठी दाद मिळाली ती हा वेष उतरवताना. माझ्या मते याचे श्रेय शैलीपेक्षा त्या जुन्या, स्वतःचेच वाजवण्याच्या निश्चयाला अधिक जाते.

१९९७ मध्ये बँड थांबला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ या नावाने काम केले. रंगभवन शांतता क्षेत्रात आल्याने तिथल्या मोठ्या आवाजाच्या मैफलीही बंद झाल्या. २०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा एकत्र आला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे जुने तिघे, त्यांच्यासोबत बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी. या संचाचा ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातली गाणीही त्यांनी स्वतःच लिहिलेली होती.