भिंतीवरचा मराठी माणूस

मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत दिएगो रिव्हेरा यांनी १९२८ साली रंगवलेले एक भित्तिचित्र आहे. एका मेजाभोवती माणसे जमली आहेत आणि मेजाच्या प्रमुख जागी बसून भाकरी मोडणारे गृहस्थ आहेत आपल्या वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे! गदर चळवळीचे हे क्रांतिकारक अमेरिकेत ओरेगन व वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत शेतकऱ्यांचे गुरुजी झाले.

अमेरिकेतील भित्तिचित्रे पाहताना मला खानखोजे हटकून आठवतात, कारण सामान्य माणसाला भिंतीवर आणण्याची प्रेरणा इकडे पुष्कळशी मेक्सिकोतूनच आली. रिव्हेरांनी १९३२-३३ मध्ये डेट्रॉईटच्या कलासंग्रहालयात मोटार कारखान्यातील कामगार रंगवले. त्यांचेच देशबांधव सिकेरोस यांनी १९३२ साली लॉस एंजेलिसमध्ये मूळ रहिवाशांवरील अन्याय चितारला, तेव्हा मात्र त्यावर पांढरा रंग फासला गेला. ते चित्र २०१२ साली पुन्हा लोकांसमोर आले.

शिकागोत १९६७ साली कृष्णवर्णीय कलावंतांनी आपल्या वस्तीतील भिंतीवर आपले नायक रंगवले. पुढे लॉस एंजेलिसमध्ये ज्युडी बाका यांनी पूरनियंत्रण कालव्याच्या भिंतीवर कॅलिफोर्नियाचा इतिहास मांडला. १९७६ ते १९८३ या काळात, पाच उन्हाळ्यांत, चारशेहून अधिक मुलामुलींनी सुमारे अर्धा मैल भिंत रंगवली. रेल्वे बांधणारे चिनी मजूर, छावण्यांत डांबलेले जपानी, हद्दपार केलेले मेक्सिकन, सारे तिथे आहेत.

हा चित्रेतिहास १९५० च्या दशकापाशी थांबला होता. तो पुढे नेण्यासाठी मेलन फाउंडेशनने २०२१ साली ५० लाख डॉलर दिले. आपल्यापैकी बहुतेकांना इथे येता आले ते १९६५ च्या कायद्यामुळे. म्हणजे आता जो काळ भिंतीवर यायचा आहे, तो आपलाही आहे.

पण भिंतीवर कोण येणार, हे ठरते गावातल्या बैठकीत. फिलाडेल्फियात १९८४ पासून चाललेल्या उपक्रमात वस्तीतील लोकांना विचारूनच चित्र ठरवण्याची पद्धत आहे. आपल्या गावच्या नगरपालिकेने वा ग्रंथालयाने अशी बैठक बोलावली, तर मंडळातर्फे दोघा-चौघांनी अवश्य जावे. सोबत पहिल्या गणेशोत्सवाचे, पहिल्या दुकानाचे, जुन्या भाड्याच्या घराचे फोटो न्यावेत. खानखोजे भिंतीवर पोचले, कारण ते तिथल्या लोकांत मिसळले होते. आपणही मिसळू या.