हजेरीपटावरचा खाडा

मुंबईच्या गिरण्यांचा जुना इतिहास तुम्ही चाळलात, तर मालकांची एक तक्रार पुनःपुन्हा भेटेल. कोकणातला हा गडी टिकत नाही. कामाला जरा हात बसला की गाठोडं बांधून गावी निघतो. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे खाडा पडतो, आणि परत आला तर कदाचित दुसऱ्याच गिरणीच्या दारात उभा राहतो.

आता हा माणूस कशातून उठून जाई, तेही पाहा. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढची कित्येक वर्षं उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत काम चाले. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा, तसं कामही मोठं! विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचीही सोय गेली. १९०५ च्या तेजीत काही गिरण्या रोज चौदा तासांहून अधिक चालल्या. रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनं १० जून १८९० ला मिळाली. पण वर्षाकाठी पगारी रजा? तिचं नाव नव्हतं. सूत तुटू नये म्हणून खात्यांत हवा दमट ठेवीत, आणि तिच्यात कापसाची पूस तरंगत असे.

तेव्हा ज्याला दम खायचा, त्याला काम सोडूनच जावं लागे. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद, म्हणून पुष्कळ जण मे महिन्यातच रत्नागिरीकडे निघत. गावी जाऊन ते स्वस्थ पडून राहत, असं मात्र समजू नका. घर शाकारायचं असे, नांगर धरायचा असे, लावणी असे. पण भोंगा नव्हता, मुकादम नव्हता, आणि थकवा आला तर बांधावर बसता येत होतं. अर्थात ही विश्रांती ज्याचा गावी जमिनीचा तुकडा होता त्यालाच. आणि तो तुकडा वर्षभर राखणारी त्याची बायको किंवा आई! त्यांच्या खाड्याची नोंद ठेवणारा हजेरीपट कुठल्याच कचेरीत नव्हता.

या सुट्टीची किंमतही भारी होती. पगार महिन्यानं, आणि तोही पुढच्या महिन्याच्या मध्यावर. त्यामुळे उठून जाणाऱ्याचे पैसे अडकत. साच्यावर बदली कामगार चढे. परतल्यावर पहाटे दारापाशी उभं राहायचं, मुकादमाची मर्जी धरायची, आणि दस्तुरी मोजल्याशिवाय ती मर्जी फिरतेच कशी? शिवाय खानावळवालीची आणि सावकाराची बाकी होतीच.

१९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले आयोगानं १९३१ च्या अहवालात या प्रश्नावर जरा निराळा विचार मांडला. कामगाराचं गावाशी असलेलं नातं हा दोष नसून जमेची बाजू आहे, ते तोडू नये, त्याला शिस्त लावावी, असं आयोगाचं मत. रजा मागण्यास उत्तेजन द्या, परतल्यावर जुनं काम द्या, जमल्यास रजेचा भत्ताही द्या, ही शिफारस. माझ्या मते मालकांच्या तक्रारीला इतकं सरळ उत्तर त्याआधी सरकारी कागदावर क्वचितच आलं असेल. १९३५ पासून मुंबईत बदलीवाल्यांना कार्डं देण्याची पद्धत आली. मुकादमाचा हात थोडा आखडला. आणि १९४८ च्या कारखाने कायद्यानं वीस दिवस कामामागे एक दिवस पगारी रजा ठरवली. वर्षाचे जेमतेम पंधरवडाभर दिवस! त्यात कोकणची लावणी उरकत नाही, म्हणून खाडे चालूच राहिले.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा अनेक गिरणी कामगारांनी हीच ओळखीची वाट धरली. गावी जाऊ, चार महिने काढू, मिटलं की परत येऊ. पुढे गणपती आले, शिमगाही आला, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना गिरणीत पुन्हा काम मिळालं नाही.