कोठारातलं कला महाविद्यालय

लंडनच्या किंग्ज क्रॉसला लुईस क्युबिटने १८५२ साली धान्याचं सहा मजली कोठार बांधलं. लिंकनशायरचा गहू यायचा, साठायचा आणि शहरातल्या बेकऱ्यांना जायचा. बोटी कालव्यातून थेट इमारतीखाली शिरत. घोड्यांचे तबेलेही खालीच!

२०११ साली सेंट्रल सेंट मार्टिन्स हे कला महाविद्यालय तिथे हललं. त्यातली सेंट मार्टिन्स १८५४ची, म्हणजे कोठार तिच्याहून दोन वर्षांनी वडील. मागच्या दोन लांबलचक मालशेडांच्या मध्ये आता उजेड झिरपणाऱ्या छताखाली चक्क एक रस्ता आहे.

आमच्या शाळेत चित्रकलेचा वर्ग जिन्याखाली भरे, त्यामुळे मला हेवाच वाटला. पण चेरिंग क्रॉस रोडची जुनी जागा, अडचणीची का असेना, भर वस्तीत होती. सेक्स पिस्टल्सचा पहिला कार्यक्रम १९७५ साली तिथेच झाला. (माझ्या कानांना ते संगीत झेपत नाही, ते सोडा.) किंग्ज क्रॉसला मुलं आधी आली, महागडी घरं आणि गूगलसारख्यांच्या कचेऱ्या मागून. ओसाड जागेला रंग चढवला मुलांनी. आता तिथे भाड्याने खोली घेणं त्यांच्यातल्या कितीजणांना परवडेल?

कोठारापुढची गोदी केव्हाच बुजवली. तिथल्या चौकात हजारावर कारंजी आहेत. उन्हाळ्यात पोरं त्यांत मनसोक्त भिजतात.