चूक लवकर दिसावी म्हणून

मी कवितेचा माणूस. संगणकाशी माझा संबंध टंकलेखनापुरता. तरीही आज सॉफ्टवेअरच्या इतिहासातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. कारण ती यंत्रापेक्षा माणसाच्या स्वभावाची आहे.

२००१ साली अमेरिकेची तपास संस्था एफबीआय आपल्या फायली मुख्यतः कागदावरच सांभाळत होती. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर ही उणीव फारच बोचू लागली. एका कचेरीतली माहिती दुसरीला वेळेवर मिळणे हा जिवाचा प्रश्न झाला. नव्या संगणक प्रणालीसाठी काय काय हवे, याचा ८००हून अधिक पानांचा दस्तऐवज तयार झाला. पण काम चालू असताना मागण्या बदलत गेल्या. अखेर २००५ साली, सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून, ती प्रणाली वापरात न येताच सोडून द्यावी लागली.

आधी सगळे लिहून काढायचे, मग आराखडा, मग प्रोग्रॅम आणि चाचणी अगदी शेवटी, या रीतीला ‘वॉटरफॉल’, म्हणजे धबधबा म्हणतात. खाली आलेले पाणी वर जात नाही. गंमत अशी की, ज्या विन्स्टन रॉइस यांच्या १९७०च्या निबंधात तिचा उगम सांगतात, त्यांनीच त्यात हा सरळ क्रम धोक्याचा असल्याचे बजावले होते.

फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातील स्नोबर्ड इथे १७ जाणकार जमले आणि त्यांनी ‘अजाईल’ जाहीरनामा मांडला. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर मोलाचे, आणि ठरलेल्या योजनेला चिकटण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे महत्त्वाचे, हे त्याचे सार.

एफबीआयची दुसरी प्रणाली, ‘सेंटिनेल’, २००६ साली सुरू झाली. तीही रखडली. २०१० मध्ये संस्थेने काम स्वतःकडे घेऊन अजाईल पद्धत धरली. दोन आठवड्यांत थोडा भाग पुरा करायचा, चालवून दाखवायचा, मग पुढचा. ऑक्टोबर २०११ मध्ये काहीशे कर्मचाऱ्यांनी ती वापरून पाहिली, तेव्हा ती मध्येच बंद पडली. यंत्रांना भार पेलेना. मुदत लांबली, नवी यंत्रे आली आणि जुलै २०१२ मध्ये सेंटिनेल सर्वांसाठी सुरू झाली.

म्हणजे या पद्धतीतही चुका होतात. फरक इतकाच की, त्या दुरुस्त करता येतील अशा वेळी दिसतात.

गझलेच्या परंपरेत शागीर्द आपली रचना मुशायऱ्याआधी उस्तादांना दाखवतो. ते शब्द बदलतात, कधी अख्खा शेर खोडतात. याला इस्लाह म्हणतात. तरुणपणी मला त्याचा राग येई. अपुरे काम दुसऱ्यासमोर ठेवायला धीर लागतो, हे तेव्हा कळत नव्हते.