दोन मिनिटांचे अंतर

घाटनांदूरच्या स्टेशनावर त्या दिवशी मी गाडीतून उलटा उतरलो. तोंड डब्याकडे, पाठ फलाटाकडे, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरलेला आणि एकेक पाय चाचपडत खाली. फलाटावर माझ्याच वर्गातली दोन पोरे उभी होती. त्यांतला धीट होता तो म्हणाला, "गुरुजी, उलटं कामून उतरायलेत?"

काय सांगणार! आदल्या दिवशी एका मोठ्या शहरात मी मॅरेथॉनची शर्यत पुरी करून आलो होतो. बेचाळीस किलोमीटर, वर एकशे पंचाण्णव मीटर. पुरी केली म्हणजे तीस किलोमीटर धावलो आणि उरलेले बारा लंगडत, बसत, पुन्हा उठत कसेबसे ओढले. चाळिशी उलटलेल्या शाळामास्तराने असला उद्योग का करावा, असे वाचक विचारतील. आमच्या घरात ते आधीच विचारून झाले होते. "अहो, कादंबरीतल्या माणसांना पळवता, ते काय कमी होतं?" एवढेच बोलून सौभाग्यवतींनी तेल गरम करायला ठेवले.

चार दिवस मी खाटेला खिळलो. त्या अवधीत एक गंमत ध्यानात आली. चढावर पाय फारसे कुरकुरत नाहीत; उतार लागला की मांड्या बोंब मारतात. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार तोलून धरतो आणि त्याचे बारीक तंतू दुखावतात; ते दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरात येते. तिसाव्या किलोमीटरपाशी माझा दिवा विझला, त्याचे कारणही साधेच. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तेवढ्या अंतरात संपत येते. हा शरीराचा जमाखर्च झाला. त्यात भित्रेपणाचे खाते कुठेच नाही.

हे उमगले आणि मला एका पोराची आठवण झाली.

दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या शर्यतीत आमचा एक मुलगा अर्ध्या वाटेत खाली बसला. दुसऱ्या दिवशी मी त्याला वर्गात उभे केले आणि मॅरेथॉनच्या दूताची गोष्ट सांगितली. ग्रीकांनी इराण्यांचा पराभव केला, ती वार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धावत गेला, विजयाची बातमी सांगितली आणि कोसळून मेला. "मेला, पण थांबला नाही!" असे मी त्या पोराकडे बोट दाखवून म्हणालो. वर्ग हसला. तो मुलगा पुन्हा कोणत्याच शर्यतीला उभा राहिला नाही.

खाटेवर पडल्यापडल्या मी ती गोष्ट तपासली, आणि शरमलो. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये झालेल्या त्या लढाईची हकीकत हिरोडोटसने लिहिली आहे. तीत एक हरकारा धावतो खरा. परंतु तो अथेन्सहून स्पार्टाला, मदत मागायला, आणि तोही लढाईच्या आधी. तो मरत तर नाहीच, उलट परत येऊन वाटेत देव भेटल्याचे सांगतो! मरणारा दूत पुढे कित्येक शतकांनी दुसऱ्या लेखकांनी आणला. म्हणजे ज्या मेलेल्या माणसाचा दाखला देऊन मी एका जिवंत पोराला खाली पाहायला लावले, तो मुळात मेलाच नव्हता.

खरोखरीचे मरण मात्र या शर्यतीने पुढे पाहिले. १८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये ती सुरू झाली, आणि १४ जुलै १९१२ रोजी स्टॉकहोमला भर उन्हात ६८ जण धावायला निघाले. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी शर्यत सोडली. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो रस्त्यातच कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी होता, शिक्षक होण्याचे शिक्षण घेत असलेला विद्यार्थी. बोटी आणि आगगाड्यांतून अठरा दिवस प्रवास करून तो स्वीडनला पोचला होता. पायांत 'ताबी' म्हणजे जपानी कापडी पादत्राण, खाली खडबडीत रस्ता. अर्धी वाट ओलांडल्यावर तो उन्हाने बेजार होऊन वाटेवरच्या एका घरी थांबला. घरच्या मंडळींनी त्याला प्यायला दिले, विसावा दिला. शुद्धीवर येऊन तो कुणालाही न सांगता निघून गेला. स्वीडनच्या दप्तरी तो कित्येक वर्षे हरवलेला माणूस म्हणून राहिला.

अपमान त्यालाही झोंबला असेलच. पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. तो मायदेशी जाऊन भूगोलाचा मास्तर झाला, धावत राहिला, ताबींना रबरी तळ लावून घेतला; आणि १९२० च्या फेब्रुवारीत त्याच्या पुढाकाराने तोक्यो ते हाकोने अशी टप्प्याटप्प्यांची शर्यत सुरू झाली. ती आजही दरवर्षी २ आणि ३ जानेवारीला होते. दर संघाचे दहा जण दोन दिवसांत दोनशेहून अधिक किलोमीटर कापतात. एक गडी हाकोनेचा घाट चढतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच घाट उतरायला दुसरा गडी असतो. बालाघाटावर राहणाऱ्या आणि नुकत्याच मांड्या मोडून घेतलेल्या माणसाला त्यातले शहाणपण वेगळे सांगावे लागत नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. १९१९ साली पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तिथे अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे पाहिली. त्यांना धड नियमही ठाऊक नव्हते, पण त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास होत्या. दोराबजींनी खटपट केली, पदरचे पैसे घातले, आणि १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिंपिकला चार धावपटू आणि दोन मल्ल गेले. २२ ऑगस्टच्या मॅरेथॉनला आपले दोघे उभे होते, सदाशिव दातार आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले. त्या खेपेचे अंतर ४२ किलोमीटर ७५० मीटर, म्हणजे नेहमीहून अर्धा किलोमीटर जास्तच; वर पाऊस. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन जिंकला. चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले.

आणि सोळावा कोण? शिझो कानाकुरी, २ तास ४८ मिनिटे! हा तक्ता वाचताना मी उठून बसलो, मांड्यांची पर्वा न करता. बेळगावचा गडी आणि जपानचा मास्तर यांच्यात दोन मिनिटांचे अंतर. एवढ्या वेळात आमच्या शाळेतली घंटासुद्धा धड वाजून होत नाही. मग पुढे अंतर एवढे वाढले कसे? पाय दोघांचेही सारखेच थकले असणार. कानाकुरीच्या पराभवाला पुढे मैदान मिळाले, विद्यार्थी मिळाले. आमच्या चौगुल्यांचे नाव मला एकाही शालेय पुस्तकात भेटले नाही, आणि मी मास्तर असूनही ते कधी फळ्यावर लिहिले नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळ्यांचे नाव घेतले की आमची पोरे ताठ बसतात. २०२३ साली त्यांनी हांगचौच्या आशियाई खेळांत अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले ते त्यांना पाठ आहे. साबळे कसे जिंकले ते सांगायला मी तयार असे. दातार कसे थांबले, ते सांगावे हे मला सुचले नव्हते.

कानाकुरीची शर्यत मात्र राहून गेलेली होती. १९६७ साली स्वीडनच्या लोकांनी त्याला बोलावले आणि पंचाहत्तराव्या वर्षी त्याने स्टॉकहोमच्या मैदानात ती फीत तोडली. ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस आणि वर साडेपाच तास! मधल्या काळात आपले लग्न झाले, मुले झाली, नातवंडे झाली, असे तो हसत म्हणाला.

पाचव्या दिवशी मी काठी घेऊन बाहेर पडलो. तो मुलगा आता बापाच्या किराणा दुकानात बसतो. मला पाहून उठला, पोत्यावर बसायला जागा केली. मी म्हणालो, "तालुक्याच्या शर्यतीत त्या दिवशी तुला काय झालं होतं रे? मी कधी विचारलंच नाही."

तो बराच वेळ तराजूशी चाळा करीत राहिला. मग म्हणाला, "डोळ्यांपुढं अंधारी आली, गुरुजी. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं."

"का बरं?"

"तुम्हीच सांगितलं होतं की. रिकाम्या पोटी पळलं की अंग हलकं राहतं म्हणून."

मला ते आठवत नव्हते. पण मी तसे म्हणालो असणार. त्या वेळी मला तसेच वाटत होते. माझी चूक झाली, असे मी त्याला सांगितले. मग तिथेच बसून कानाकुरीची, चौगुल्यांची आणि दातारांची सारी हकीकत सांगितली. गिऱ्हाइके येत होती, तो साखर बांधता बांधता ऐकत होता. चोपन्न वर्षांवर आला तेव्हा त्याचा हात थांबला.

निघताना दुकानाच्या तीन पायऱ्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या. मी वळून उलटा उतरू लागलो, तशी त्याने गल्ल्यामागून येऊन माझे कोपर धरले.