संघ घडवणारा, मैदान सांभाळणारा

श्रोतेहो, अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. तिथला चेंडू लांबोडका. तो पायापेक्षा हातानेच अधिक खेळवतात, आणि अकरा गडी समोरच्या अकरांना अंगाने रेटतात. या खेळातल्या एका गुरूची ही हकीकत.

हर्बर्ट क्रायस्लर यांचा जन्म १८९९ सालचा, इलिनॉय राज्यातला. शिकागो विद्यापीठात स्टॅग हे नामांकित प्रशिक्षक त्यांना लाभले. त्या काळी फ्रिट्झ क्रायस्लर नावाचे थोर व्हायोलिनवादक होते. मैदानावर चुकणाऱ्या या पोराला स्टॅगनी थट्टेने ‘फ्रिट्झ’ म्हटले, आणि ते नाव जन्मभर चिकटले.

१९३८ साली ते मिशिगन विद्यापीठात प्रशिक्षक झाले. दहा वर्षांत ७१ सामने जिंकले, १६ हरले, ३ बरोबरीत सुटले. १९४५ साली अडचण आली. महायुद्धामुळे मुरलेले गडी हाताशी नव्हते. उरली होती कोवळी पोरे. गाठ पडली लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघाशी. युद्धकाळात गडी बदलण्याचा नियम सैल झाला होता. क्रायस्लरनी त्याचा फायदा घेतला: चढाईला एक तुकडी, बचावाला दुसरी. म्हणजे पोरांना दम खायला सवड! सामना ७–२८ असा हरला खरा, पण युक्ती इतरांनी उचलली.

१९४७ च्या हंगामात मिशिगनने दहाच्या दहा सामने जिंकले. शेवटचा, १ जानेवारी १९४८ चा, ४९–० असा. आणि इथेच क्रायस्लरनी प्रशिक्षकपद सोडले! आपले सहायक ऊस्टरबान यांच्या हाती संघ दिला. पुढच्याच हंगामात तोही संघ अजिंक्य राहिला.

मग क्रायस्लरनी काय केले? १९४१ पासून विद्यापीठाच्या क्रीडाविभागाची धुराही त्यांच्याकडे होती. ती त्यांनी १९६८ पर्यंत वाहिली. मैदाने, इमारती, पैशाचा हिशेब, नेमणुका, असली ही कामे. त्यांना टाळ्या कोण वाजवणार? १९५६ साली तिथल्या क्रीडांगणाची आसनसंख्या १,०१,००१ झाली. वरची एक जागा क्रायस्लरांची, असे लोक सांगतात. ती नेमकी कुठली, ते कुणालाच ठाऊक नाही.

शिक्षकबंधूंनो, आपल्या शाळेतही एखादे गुरुजी कबड्डीचा उत्तम संघ उभा करतात. त्यांची बदली होते आणि दोन वर्षांत मैदानावर गवत माजते. संघ घडवतानाच आपल्यामागून तो सांभाळणारा माणूसही तयार करायचा असतो. क्रायस्लरनी तो केला, आणि वेळ येताच बाजूला सरले.